खिशातला तिळगूळ

आज वर्ग सुटताना नीलिमाताईंनी सगळ्यांना तिळगूळ वाटला. मी माझा लाडू जुन्या कोटाच्या खिशात टाकला, तेव्हा तळाशी बोटांना वाळू लागली. तो खिसा मी कधीच झटकलेला नाही.

अकरा वर्षांपूर्वीची वाळू ती. संक्रांतीला इथल्या, नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावच्या मराठी मंडळासोबत आम्ही तळ्याकाठच्या वाळूच्या टेकड्या बघायला गेलो होतो. पाण्याच्या कडेला बर्फाचा पापुद्रा, वाऱ्याने कान बधिर. चढताना मी पालथी पडले. वरून नीलिमाताई ओरडल्या, "मराठीत बी.ए. ना गं तू? इथे भांडी घासायलासुद्धा डच लागतं!" सगळे हसले, माझा नवराही. आमच्या घराण्यातली पहिली पदवी होती ती. मग त्यांनीच माझ्या वाळूभरल्या हातावर तिळगूळ ठेवला. खाल्ला असता तर गोड बोलावं लागलं असतं, म्हणून खिशात टाकला.

आता नागरिकत्वाच्या परीक्षेसाठी त्या माझ्याच डचच्या वर्गात पहिल्या बाकावर बसतात. आज त्यांना उभं करून मी डचमध्ये विचारलं, "सकाळी भांडी कोणी घासली?" त्या अडखळल्या.

"चुकलं, ताई. पुन्हा सांगा."

तीनदा सांगायला लावलं. आजचा लाडूही मी खाणार नाही.