सहावा गियर

माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मी अकोल्याहून दर्यापूरकडच्या आमच्या गावी आले आणि ओसरीच्या दाराआड बसून राहिले. रडू येत नव्हतं. भूक, झोप, राग, काहीच येत नव्हतं.

कपाशीला पाणी द्यायला गेला होता, तिथे साप चावला. एवढंच झालं होतं. पण ती वर्षंच अशी होती, की वऱ्हाडात तरणं पोर शेतात मेलं म्हणजे लोक कारण विचारत नसत, फवारणीच्या औषधाचं नाव विचारत. बसायला आलेला माणूस घोटभर काळा चहा पिऊन हळूच म्हणे, "कोनतं पेलं जी पोरानं?"

"पान लागलं त्याले. साप होता," बाबा सांगत.

समोरचा मान हलवी, खोटं बोलणाऱ्याला सांभाळून घेतात तशी. एरवी मी एकेकाची खरडपट्टी काढली असती.

मग बाबांनी सापाचं सांगणंच सोडलं. ओसरीच्या भिंतीवर भावाने अमरावतीच्या राजापेठेतून आणलेलं पोस्टर होतं. नव्वदीतली लाल अमेरिकन गाडी आणि खाली बारीक इंग्रजीत तिची सगळी माहिती. बाबांना इंग्रजीचा गंध नव्हता, पण भाऊ रोज जेवताना त्यांच्याकडून ती पाठ करून घ्यायचा.

"दहा सिलिंडर, बाबा."

"टॅक्टरले तीन पुरतात."

"आठ लिटरचं इंजन."

"म्हंजे अर्धा फवारनीपंप."

"चारशे घोड्यायची ताकद!"

"अन् कुटार कोन टाकीन त्यायले, तुहा मामा?"

तो चिडायचा. बाबा त्याला चिडवायला मुद्दाम चुकायचे.

आता कोणी औषधाचं विचारलं, की बाबा पोस्टरकडे बोट करत आणि न चुकता म्हणत, "दहा सिलिंडर. आठ लिटर. चारशे घोडे, अन् बसाले दोनच जन. दाराले बाहीरून मूठ नाई, हात आत घालून उघडा लागते." लोक एकमेकांकडे बघत. म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला, असं फाटकाबाहेर जाऊन बोलत. परिणाम कसला? जेवता जेवता बापाची परीक्षा घेणारं पोर आपल्या हाताने जाईल का, एवढंच बाबांना म्हणायचं होतं. कोणाच्या टाळक्यात ते शिरत नव्हतं.

एक दिवस दर्यापूरच्या रस्त्यावर जीप चालवणारे चाचा आले. भाऊ त्यांच्याच जीपने अमरावतीची बस धरायला जायचा. त्यांनी औषधाचं विचारलं नाही. बाबांनी आपणहून सांगितलेलं गाडीचं सगळं ऐकून घेतलं, उठून पोस्टरजवळ गेले, पुन्हा येऊन बसले.

"गियर किती हायेत जी तिले?"

"सहा."

"माह्या जीपले चारच. मंग सहावा कवा टाकाचा?"

इतक्या दिवसांत कोणीतरी भावाच्या आवडीचं काहीतरी विचारलं होतं. बाबांचा चेहरा खुलला. "थांबा, इचारून सांगतो," ते म्हणाले आणि आतल्या खोलीकडे तोंड करून रोजच्यासारखी हाक मारली, "अरे ए, सहावा गियर कवा टाकाचा रे?"

चाचांनी त्यांचा हात धरला. ओसरीवरचे सगळे खाली बघू लागले.

आत मी एकटीच होते. मला सहाव्या गियरचं काही ठाऊक नव्हतं. तेव्हा मला रडू आलं.