हत्तीचं कापड

पहिल्या बाळाच्या वेळी मला सातवा लागला आणि सासूबाईंनी कौदी शिवायला घेतली. कौदी म्हणजे आपली गोधडी. म्हैसूरजवळ हूटगळ्ळीच्या नव्या घरी येताना त्यांनी जुन्या कपड्यांचं गाठोडं जपून आणलं होतं, पण त्यातलं सुती कुठलं आणि बाकीचं कुठलं हे आता त्यांनाही सांगता येईना.

"बाळाच्या अंगाखाली हत्तीचंच कापड पाहिजे, नोडम्मा, बघ गं," त्या म्हणाल्या.

मी साताऱ्याहून लग्न होऊन आलेली. माझ्या डोळ्यांसमोर दसऱ्याच्या हत्तीवरची झूल आली. तसं विचारल्यावर त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. कन्नडमध्ये हत्ती म्हणजे कापूस!

मग आम्ही मागच्या दारी पणती लावून बसलो. शेजारी पाण्याचं ताट. सासूबाई कापडाचा एकेक धागा ओढायच्या आणि मी तो चिमट्यात धरून ज्योतीवर न्यायची. सुती धागा कागदासारखा भुरकन जळायचा, मागे मऊ राख. पॉलिस्टर वितळायचं आणि त्याचा कडक काळा मणी व्हायचा. एक पिवळं फुलाफुलांचं कापड दोघींनाही फार आवडलं होतं. तेही कागदासारखंच जळलं, पण ताटातल्या पाण्यात भिजवलेला त्याचा दुसरा धागा नुसता ओढताच तुटला.

"रेयॉन," मी म्हटलं. "दोन धुण्यांत विरेल."

"अय्यो, पाप! बिचारं!" म्हणत सासूबाईंनी ते हळहळत बाजूला ठेवलं.

इतक्यात मामंजी आले. त्यांचे पणजोबा म्हैसूरच्या फौजेत होते. त्यांचा कमरेला बांधायचा लाल शेला मामंजींच्या कपाटात होता. अजून चकाकायचा.

"खरं रेशीम कसं असतं ते दाखवतो," म्हणत त्यांनी तो आणला आणि कडेचा एक धागा स्वतः काढून दिला. "केस जळाल्यासारखा वास येईल बघ."

धागा भुरकन जळाला. कागदाचा वास, मऊ राख. त्यांनी दुसरा धागा दिला. तोही तसाच, आणि तिसरा ओला करून ओढला तरी तुटेना; सुतीच होता. सासूबाई माझ्याकडे बघेनात, मी त्यांच्याकडे बघेना.

मामंजींनी शेल्याची घडी घातली. "शिपाई माणूस," ते म्हणाले. "त्याला रेशीम कोण देणार? घामाला हेच बरं." आणि शेला सासूबाईंच्या मांडीवर ठेवला. "घाल कौदीत."

"अहो, सुम्मने, उगाच काय? आठवण आहे ती."

"बाळाला चालतं ना? मग घाल."

कापायला सासूबाईंचा हात धजेना. शेवटी कात्री मामंजींनीच चालवली. चार लाल चौकोन मधोमध बसले. आमच्या मुलीला त्याच चौकोनांचं वेड होतं. झोपेत एक कोपरा तोंडात धरायची, आणि मामंजी कौतुकानं सांगायचे, "माझ्या पणजोबांचा शेला चघळतेय."