डिस्कवरचं कुंकू

नातवंडांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, टेबलावरच्या डिस्कला कुंकू का?" म्हणून लिहिते.

नगर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याचा सर्व्हर मी सांभाळत असे. सगळ्या डिस्क जोडून त्यातला कंट्रोलर नावाचा भाग त्यांची एकच व्हर्च्युअल, म्हणजे आभासी, डिस्क करी. तिच्यात शेतकऱ्यांच्या ऊसलागवडीच्या नोंदी होत्या. त्यांवरून तोडणीचा क्रम ठरे.

एका दसऱ्याला आमच्या माणसांनी चालू सर्व्हरमधल्या डिस्क काढल्या, फडक्यानं पुसल्या, कुंकू लावून परत बसवल्या. नोंदी दिसेनाशा झाल्या. काढून घातलेल्या डिस्क कंट्रोलरला परक्या वाटल्या; तो पडद्यावर विचारू लागला, डिस्कवरची जुनी मांडणी, म्हणजे त्या कशा जोडल्या होत्या ती माहिती, पुसू की स्वीकारू?

"पुसा की मॅडम, नव्यानं करू!" साहेब म्हणाले.

"आणि शेतकऱ्यांना काय सांगू? ऊसही नव्यानं लावा?"

मी मांडणी स्वीकारली. सगळ्या नोंदी परत आल्या.

पुढे तो सर्व्हर भंगारात गेला. त्या नोंदी कारखान्याच्या नव्या सर्व्हरवर आहेत आणि जुन्यातली ही कुंकवाची डिस्क माझ्याकडे.