सुवर्णाची चौकट

सातपूरच्या बसस्टॉपसमोर सुवर्णाचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, पण तिची खरी कीर्ती लग्नाच्या बायोडाट्याची. वर 'श्री गणेश प्रसन्न', भोवती वेलबुट्टीची चौकट, कोपऱ्यात फोटो, डावीकडे रास आणि जन्मवेळ, उजवीकडे मामाकुळाचा तपशील. त्यावर लग्नं जमायची आणि पेढे दुकानात यायचे. पुढे पोरं नोकरीचा बायोडाटा मागू लागली, तेव्हा बाईंनी फार डोकं चालवलं नाही. राशीच्या जागी शिक्षण आलं, मामाकुळाच्या जागी कंपन्यांची नावं आली. गणपती इंग्रजी अक्षरांत का होईना, जागच्या जागी राहिला. नोकरी काय अन् सोयरीक काय, शेवटी माणसाच्या नजरेत भरायला हवं, असं तिचं ठाम मत.

चुकलं ते इथेच. हल्ली मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी संगणक वाचतो आणि त्याला जे कळलं नाही ते गाळून टाकतो. माणसाची नजर त्यानंतर. हे सुवर्णाला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकून घेतलं असतं असं नाही.

त्या शुक्रवारी सविता भोये दुकानात शिरली ती पळतच. पेठकडची मुलगी, मेकॅनिकलचा डिप्लोमा झालेली, सातपुरातच एका कारखान्यात वर्षभर मालाची तपासणी शिकलेली. अंबडच्या कंपनीचा अर्ज संध्याकाळी सहाला बंद होणार होता. ही जागा हुकली, तर सोमवारी आई तिला निफाडला द्राक्षांच्या छाटणीला नेणार होती. मुकादमाला तसा शब्दही देऊन झाला होता.

"ताई, हे बघा काय झालंय," तिने मोबाइल पुढे केला. "आधीच्या तिन्ही अर्जांना मी नुस्तं पुढं पुढं दाबलं अन् नकार आला. आज पान अडकलं, तवा दिसलं."

बायोडाट्यातून संगणकाला काय समजलं, ते त्या पानावर आलं होतं. नाव, श्री गणेश. आडनाव, प्रसन्न. अनुभव, काही नाही. शिक्षणाच्या जागी दहावीचे टक्के, कारखान्याचा पत्ता आणि वडिलांचं नाव यांची खिचडी झाली होती.

"मेल्याचे डोळे फुटलेत का?" सुवर्णा भडकली. "एवढं सुंदर मांडलंय मी!"

"ताई, सहाला बंद होतंय. अन् फाइल एकदाच बदलता येती."

पाच वाजून गेले होते. सुवर्णाने चष्मा चढवून पानाखालच्या सूचना वाचल्या आणि तिचा चेहरा उतरला. चौकट नको, फोटो नको, दोन रकाने नकोत, कारण संगणक ओळ सरळ आडवी वाचत जातो आणि डावं-उजवं एकत्र करतो. मथळेही नेहमीचेच हवेत. सुवर्णाने तर अनुभवाला मोठ्या हौसेने 'माय जर्नी' असं नाव दिलं होतं. संगणक बिचारा 'एक्सपिरियन्स' शोधत फिरला असणार.

मग ती कामाला लागली. झेरॉक्सवाली गिऱ्हाइकं कुरकुरली, त्यांना तिने हाकलून लावलं. आधी फोटो काढून टाकला, मग वेलबुट्टी. सगळ्यात वर सविताचं नाव आणि फोन, त्याखाली अनुभव, मग शिक्षण, मग कोणकोणती मापयंत्रं वापरता येतात ते, सगळं एकाखाली एक. कागद अगदी बोडका दिसू लागला. वर फक्त गणपती राहिला आणि तिथे तिचा हात अडला.

"हे राहू दे गं. याच्याशिवाय मी आजवर एकही कागद दुकानाबाहेर जाऊ दिला नाही. उद्या तुझं काही वाईट झालं तर?"

सविताचे डोळे घड्याळावर होते. "ताई, गणपतीला नाय लागत नोकरी. मला लागती."

सुवर्णाने मनात हात जोडले आणि ती ओळ पुसली.

फाइल चढवली. पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, थांबलं, पुन्हा फिरलं. सविताने खुर्चीची पाठ घट्ट धरली होती. आणि मग ते पान आलं. नाव, सविता. आडनाव, भोये. अनुभव, एक वर्ष. सविताने बटण दाबलं तेव्हा सहाला थोडीच मिनिटं उरली होती.

आधीचे तिन्ही नकार लगेच आले होते. म्हणून थोड्याच वेळात मोबाइलवर निरोप वाजला तेव्हा दोघींनाही बघवेना. शेवटी सविताने पाहिलं. मंगळवारी मुलाखतीला बोलावलं होतं.

ती हसली, रडली, सुवर्णाच्या गळ्यात पडली. दारापर्यंत गेली आणि वळली.

"ताई, लखनदादाचा बायोडाटाबी तुम्हीच केलता ना? माझा मोठा भाऊ. आयटीआय फिटर. तो पण तसाच होता, चौकटीचा."

सुवर्णाला तो लखन आठवला. पुन्हा पुन्हा यायचा, नव्या प्रती काढून न्यायचा. एकदा तर तिनेच त्याला सुनावलं होतं, की बाबा, कागदात खोट नाही, तूच कुठेतरी कमी पडतोयस.

"त्याला उद्याच घेऊन ये," ती कशीबशी म्हणाली.

"नाय यायचा तो. टोळीबरोबर छाटणीला जातो आता. त्याला वाटतं, त्यालाच काय येत नाय."

सुवर्णाला मान वर करवेना. तिने टेबलावरचा फोन उचलला आणि सविताकडे लखनचा नंबर मागितला.