लेखी करार आहे का?

राज्याचा बेरोजगारीचा आकडा टीव्हीवर झळकला की लोक तावातावानं भांडतात. मला मात्र त्या आकड्यामागची दारं आठवतात. मी आणि बापू रोजगाराच्या सर्वेक्षणासाठी बीड जिल्ह्यात दारोदार फिरतो. दोघंही कंत्राटी, एका मोटरसायकलवर. उत्तरं ऑफिसला जातात, किस्से आमच्याकडे उरतात. इतके साठलेत की चहा थंड होतो, पण सांगून होत नाहीत!

*

धर्मापुरीकडच्या एका गावात आमच्या यादीत किराणा दुकानदाराचं घर निघालं. बापूनं पहिला प्रश्न विचारला, तोच शेजारी तणतणत आला.

"त्याचं दुकान मस्त चाललंय. माझ्या घरात तीन ग्रॅज्युएट रिकामे बसलेत. माझ्याकडं कावून येत न्हाई?"

मी समजावलं, "काका, घरं चिठ्ठ्या टाकल्यासारखी निघतेत. अशी थोडी घरं इचारून सगळ्या राज्याचा अंदाज काढायचा. आपल्या मनानं घर बदलता येत न्हाई."

काका मटकन बसले. "म्हंजी नोकरीतबी नंबर न्हाई, अन् बेकारीतबी न्हाई!"

*

दुसऱ्या एका घरात डिग्री घेऊन चार वर्षं झालेला पोरगा पलंगावर आडवा पडलेला.

"काम शोधतोस का?" बापूनं विचारलं.

"न्हाई."

"मिळालं तर करशील?"

"न्हाई. कंटाळा आलाय."

काय लिहिलं, असं वडिलांनी विचारलं. बापू म्हणाला, "ह्यो बेरोजगारांत येत न्हाई. काम न्हाई, पण शोधतोय न्हाईतर करायला तयार हाय, त्यालाच बेरोजगार धरतेत."

वडिलांनी पोराला हात जोडले. "लई भारी! सगळ्या राज्यानं असंच पडून ऱ्हायचं. बेकारी एका दिवसात खतम!"

या माणसाला खरं तर टीव्हीवरच्या चर्चेत बसवायला हवं.

*

शिरूर कासारला दिवाळीनंतर गेलो, तर अख्ख्या गल्लीला कुलपं. माणसं ऊसतोडीला गेलेली. बापू टॅबवर 'घर बंद' अशी नोंद करत होता. ओट्यावरच्या एका आजोबांनी ते पाहिलं.

"कामावर गेलेले सोडून बसलेले मोजायलास का बे?"

मी काहीतरी नियम सांगितला. तो माझा मलाच पटला नाही.

*

त्याच तालुक्यात एका आण्णांच्या घरी आम्ही लागोपाठ चार महिने गेलो. त्याच घरी पुन्हा पुन्हा जायची पद्धतच आहे. पहिल्या भेटीत आण्णा म्हणाले, "पोरगी रेखा, काय करत न्हाई. घरीच असती."

आत शिलाई मशीनचा खडखडाट चाललेला!

"मग ह्यो आवाज कशाचा?" बापूनं विचारलं.

"गावातल्या बायांची ब्लाउज शिवती. त्याला काय काम म्हणतेत?"

बापू तसा मवाळ, पण फॉर्म भरताना देवाचंही ऐकणार नाही. "आठवड्यात एक तास जरी कमाईचं काम केलं तरी धरतेत. ही तर रोज शिवती. हिचं नाव कमावत्यांत जाणार!"

मशीन थोडा वेळ थांबली, मग पुन्हा सुरू झाली. चौथ्या भेटीपर्यंत आण्णांना आमचे सगळे प्रश्न तोंडपाठ झाले होते.

*

बापूचं लग्न काही जमत नव्हतं. कंत्राटी म्हटलं की मुलीकडचे चहासुद्धा अर्धा कप देत! आण्णांकडच्या भेटी संपल्या आणि बापूनं मला गाठलं. "रेखा सोडून दुसरी न्हाई. तू शब्द टाक." मुलगी बघायला निघण्याआधी तो मला कपिलधारला दर्शनालाही घेऊन गेला.

या खेपेला टॅब नव्हता. आण्णांनी पोह्यांच्या प्लेट पुढं सरकवल्या आणि सुरुवात केली.

"लेखी करार हाय का?"

"अकरा महिन्यांचा."

"पगारी रजा?"

"न्हाई."

"पीएफ?"

"न्हाई."

आमचाच फॉर्म, आमचाच क्रम! मी बापूला कोपरानं ढोसलं, काहीतरी ठोकून दे म्हणून. पण फॉर्ममधल्या प्रश्नाला खोटं उत्तर देईल तो बापू कसला!

"मग करार संपल्यावर तुमच्या घरात कमावतं कोण?" आण्णांनी विचारलं.

हा प्रश्न फॉर्ममध्ये नव्हता. बापू खाली मान घालून पोह्यांतले शेंगदाणे बाजूला करत बसला. रेखा चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"आण्णा," ती म्हणाली, "आपल्या घरात माझं नाव कमावत्यांत ह्यांनीच लिवलं. आता त्यांच्या घरात लिवू द्या."