पाणवठ्याच्या भिंतीवरचा कागद

राडुल चाकारोवला आमच्या चेरेशोवोचा नगराध्यक्ष आम्हीच केला, पण हे आता कुणी कबूल करत नाही. मी गावचा न्हावी. चाळीस वर्षं गावातलं प्रत्येक डोकं माझ्या हाताखालून गेलंय, पण त्याला मत दिलेलं डोकं मला अजून सापडलेलं नाही.

आधी तो वकील होता. सरकारजमा झालेल्या जमिनी परत मिळू लागल्या त्या दिवसांत भाऊ-भाऊ भांडत त्याच्याकडे जायचे आणि गळ्यात गळे घालून बाहेर पडायचे, कारण भांडायला शेतच उरलेलं नसायचं. त्या शेतांत त्याने लाल मिरच्या लावल्या, चटणी करून बाटल्यांत भरली आणि कारखानदार झाला. चटणी चांगली असते, हे दात-ओठ खात का होईना, सांगायला हवं. मग एक दिवस म्हणाला, "आता जनतेची सेवा!" आम्ही तेव्हाच दारं लावून घ्यायला हवी होती.

सेवेची सुरुवात भिंतीपासून झाली. आमच्याकडे माणूस गेला की त्याचा फोटो छापलेला कागद दारावर, खांबांवर आणि चौकातल्या पाणवठ्याच्या भिंतीवर चिकटवतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा, मग दरवर्षी. माझे सासरे जिवंतपणी कधी दुकानात फिरकले नाहीत. गेल्यापासून मात्र वीस वर्षं समोरच्या भिंतीवरून माझ्यावर नजर ठेवून होते.

"ही घाण आहे," चाकारोव म्हणाला आणि भिंत खरवडून टाकली. यापुढे कागद फक्त नगरपालिकेत, आतल्या काचेच्या फळ्यावर.

त्याच आठवड्यात पावाच्या भट्टीवाल्या नेवेनाच्या नवऱ्याचा चाळिसावा दिवस होता. कागद नाही, म्हणून दिवस कुणाच्या लक्षात राहिला नाही. एक म्हातारी सोडली तर जेवायला कुणी आलं नाही. गेलेल्याच्या नावाने वाटतात त्या साखर घालून शिजवलेल्या गव्हाचं पातेलं नेवेनाने उचललं आणि थेट चाकारोवच्या टेबलावर आदळलं.

"खा, साहेब. शंभर माणसांचं आहे. सगळं गाव पचवलंत, एवढ्याने काय होतंय!"

पुढे वर्ष उलटायच्या आत, एका शुक्रवारी संध्याकाळी, चाकारोवची आई, त्सोना आजी, गेली. त्याने नियमाप्रमाणे कागद काचेच्या फळ्यावर लावला आणि पालिका बंद झाली, ती सोमवारपर्यंत. दफन रविवारी दुपारी. घरच्यांनी पेटीला खांदा द्यायचा नाही, ही आमची रीत. बाहेरची चार माणसं लागतात.

रविवारी सकाळी तो माझ्या दुकानात आला. आत आम्ही चौघं होतो. बातमी सगळ्या गावाला शुक्रवारीच कळली होती.

"दुपारी आईला न्यायचंय," तो म्हणाला. "चार माणसं हवीत."

"अरेरे! त्सोना आजी गेल्या?" खुर्चीतल्या पेंकोने विचारलं. त्याच्या अर्ध्या गालाला साबण होता. "पण कागद कुठे दिसला नाही तो?"

"पालिकेत लावलाय."

"पालिका बंद आहे ना, साहेब. न वाचता कसं यायचं? नियम आहे."

मी वस्तरा पुसत राहिलो.

अर्ध्या तासाने चाकारोव हातात बादली घेऊन चौकात आला. काळा कोट, बाह्या वर केलेल्या. भिंतीला खळ फासून त्याने कागद लावला. कागद घसरत घसरत पाण्यात पडला. दुसरा लावला, तोही घसरला. सगळा चौक बघत होता. कुणी हसलं नाही, आणि ते हसण्यापेक्षा वाईट होतं.

भट्टीतून नेवेना बाहेर आली. बादलीत बोट बुडवून तिने विचारलं, "पीठ किती घातलंत?"

"दोन चमचे."

"वकिलीच करायची होती आयुष्यभर. सरका बाजूला."

तिने घट्ट खळ आणली, कागद चिकटवला, तळहाताने चारी कोपरे दाबले.

"नेवेनाताई, तुमचे उपकार..."

"तुमच्यासाठी नाही केलं. माझ्या नवऱ्याच्या चाळिसाव्याला एकट्या त्सोना आजी आल्या होत्या. दोनदा गहू मागून खाल्ले."

तोवर पेंको गाल पुसून भिंतीपाशी गेला होता. शुक्रवारपासून पाठ असलेली बातमी त्याने प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचली आणि टोपी काढली.

"आता वाचलं," तो म्हणाला.

आम्ही चौघं निघालो. डावीकडचा मागचा कोपरा माझ्या खांद्यावर होता. दफनाला सगळं गाव आलं. आजीच्या नावाने मेणबत्त्या लागल्या, गहू संपले. चाकारोवच्या हातात हात मात्र एकानेही दिला नाही.

पुढच्या निवडणुकीत तो पडला. दरवर्षी आई गेली त्या दिवशी तो बादली घेऊन पाणवठ्यावर येतो. त्याच्याशी अजून कुणी बोलत नाही. खळ मात्र आता घट्ट करतो.