बांधाच्या पायथ्याशी आळं

दक्षिण सुदानमधल्या एका शहरात भारतीय लष्करातली आमची इंजिनिअर कंपनी शांतिसेनेतून गेली, तेव्हा मी हवालदार होतो. काम एकच, नदीकाठचा मातीचा बांध राखायचा. शहर भराभर फुगत होतं. लढाईतून पळालेले लोक रोज येत. तीन वर्षांपूर्वी जिथं गवत होतं, तिथं बांधाला खेटून पत्र्याची घरं उभी होती. नाल्यावर प्लॉट पाडणारे आपल्या संभाजीनगरातही कमी नाहीत, म्हणून मी कुणाला नावं ठेवली नाहीत.

सहाला फॉलइन होऊन हजेरी, साडेसहाला बांधावर गस्त, मग दिवसभर मातीची पोती. माझ्या सेक्शनमध्ये लान्सनायक गौतम होता, सोयगाव तालुक्यातला. बोलायला कमी, जेवायला जास्त. मी त्यावरून त्याला छळायचो. तो हसून पुन्हा ताट पुढं करायचा.

त्या सकाळी नदी बांधाच्या माथ्यापासून हातभर खाली होती. सात वाजून दहा मिनिटांनी वायरलेसवर गस्तीचा आवाज आला.

"बांधाच्या वस्तीकडच्या बाजूला पाणी. ओव्हर."

"किती? ओव्हर."

"मनगटाएवढी धार. गढूळ. ओव्हर."

गढूळ म्हणजे पाणी बांधाची माती घेऊन येत होतं. बांध फुटला असता तर वस्ती काही मिनिटांत बुडाली असती, आणि ती रिकामी करायला दोन तास हवे होते. आम्ही पोचलो तेव्हा वस्तीची पुढारी मेरी बायकांची रांग लावून पोती भरून घेत होती.

अशा वेळी काय करायचं ते ट्रेनिंगमध्ये शिकलो होतो. पण घाईत माझ्यातला शेतकरी पुढं झाला. शेतात बांध फुटला की मिळेल ते कोंबायचं, एवढंच त्याला ठाऊक. मी ओरडलो, "भोकावर पोती टाका. दाबा."

धार थांबली. मी खूश. दोन मिनिटांत चार पावलांवर दुसरी धार उसळली, पहिलीपेक्षा मोठी.

गौतम म्हणाला, "उस्ताद, तोंड दाबू नका. दुसरीकडं फुटतंय. आळं करा, झाडाला करतो तसं. पाणी आत चढलं की त्याचा जोर मोडतो. आमच्या गावच्या तलावाला असंच केलं व्हतं."

"कर," मी म्हणालो.

पहिल्या भोकावरची पोती उचलली आणि दोन्ही धारा आत घेऊन गोल रचत गेलो. आमचे जवान, मेरीच्या बायका, म्हातारे, सगळे एका रांगेत. आळं कमरेएवढं झालं. नऊ चाळीसला आतलं पाणी नितळ वाहू लागलं. माती यायची थांबली होती. मेरीनं ओंजळीत पाणी घेऊन उन्हात धरलं आणि ओरडली, "खलास!" तिच्या अरबीसाठी एरवी आम्हाला दुभाष्या लागायचा, आज लागला नाही. वस्ती नाचली. आम्हीही नाचलो. नोकरीत इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

अकरा वाजता नदीच्या बाजूनं ताडपत्री पसरायची होती. मीच गौतमला पाठवलं. त्याच्या पायाखालची कड ढासळली. लाइफ जॅकेट अंगात होतं, पण तो पाण्याखालच्या झुडपांत अडकला. बाहेर काढायला अकरा मिनिटं लागली. तो गेला होता. बांध मात्र पाणी उतरेपर्यंत उभा राहिला.

सुट्टीवर आल्यावर मी त्याची ट्रंक घेऊन त्याच्या गावी गेलो. आईला जयभीम केला. तिनं ट्रंक उघडली नाही.

"ती बांधाखालची माणसं वाचली का?"

"वाचली."

"समदी?"

"समदी, आई."

तिनं शेजारपाजार बोलावला. अंगण भरलं. मी उभं राहून सगळं सांगितलं, माझी चूक आणि माझा हुकूमसुद्धा. सांगून झाल्यावर खाली बसलो.

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "पुन्हा सांगा, बाबा. मागच्यांना ऐकू गेलं नाय."